जुन्या जिप्सीच्या पुढचं लोखंड

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे फोटो नीट पाहिले तर काही गाड्यांच्या पुढच्या बंपरवर मधोमध एक लोखंडी अँगल उभा दिसतो. माणसाच्या डोक्याहून उंच, वरचं टोक पुढे वाकवलेलं. इटलीत आणि पुढे फ्रान्समध्ये मागे हटणारे जर्मन सैनिक रस्त्यावर आडव्या तारा ताणून ठेवत. काच बोनेटवर पाडून वेगात निघालेल्या जीपमधल्या माणसाचा गळा नेमका त्या तारेच्या उंचीवर यायचा. मग आघाडीवरच्या वर्कशॉपांनी हाताशी असलेला अँगल कापला, बंपरवर उभा केला, वेल्डिंग मारलं. तार आता गळ्याऐवजी लोखंडावर तुटू लागली. हातानं बनवलेल्या बंपरचा इतिहास लिहायचा तर तो इथून सुरू करावा लागेल. आधी गरज होती, आकार तिच्या मागून आला.

आज भोसरी-चाकणच्या एखाद्या शेडमध्ये वीस-पंचवीस वर्षांची जिप्सी उभी राहते आणि मालक मोबाइलवरचा फोटो दाखवून म्हणतो, "असा बनवून द्या." आकार आधी आला, गरज कोणती ते नंतर बघू, असा हा उलटा कारभार. जुन्या गाडीच्या ऑफ-रोड बंपरबद्दलचे बहुतेक घोळ या उलट्या क्रमातून निघतात.

पहिला प्रश्न असा की जुना बंपर वाईट आहे का. उत्तर गाडीप्रमाणे बदलतं. महिंद्रांच्या जुन्या जीपला पुढे सरळ लोखंडी चॅनल असायचा, चॅसिसच्या दोन टोकांना बोल्टनं आवळलेला. दिसायला ओबडधोबड, पण कामाचा. अशा जीपवर पाच मिलिमीटरचा नवा बंपर चढवणं म्हणजे बऱ्याचदा असलेल्या लोखंडावर आणखी लोखंड. त्या चॅनलच्या मागे चॅसिसला दोन दणकट हुक बसवले तरी काम भागतं. जिप्सीचं तसं नाही. डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसीच्या इंजिनासह आलेली, पुढे १३०० सीसीची झालेली आणि २०१९ च्या सुमारास बंद पडलेली ही गाडी हलकी, हजार किलोच्या आसपासची. तिचा मूळ बंपर पातळ पत्र्याचा आहे. दगडाला टेकला की चेपतो आणि त्याची दोन्ही टोकं चाकांच्या पुढे येतात. तिथे बदलाला खरं कारण आहे, म्हणून पुढचं बरंचसं जिप्सीला धरून लिहितो.

ते कारण म्हणजे अ‍ॅप्रोच अँगल. पुढच्या टायरला स्पर्श करून बंपरच्या खालच्या कडेला जाणारी रेघ जमिनीशी जो कोन करते, तो. चढ याहून तीव्र असेल तर टायर पोचायच्या आत बंपर टेकतो. नव्या थारला हा कोन ४१.८ अंशांचा आहे, पाच दारी जिम्नीला ३६ अंशांचा. जुन्या गाडीत तो वाढवायचे तीन मार्ग: गाडी उचला, टायर मोठे करा किंवा बंपर मागे आणि वर घ्या. पहिल्या दोन्हींत स्टिअरिंग, ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट सगळ्यांना त्रास. तिसरा सर्वांत निरुपद्रवी. म्हणून टोकं छाटलेला आखूड बंपर या कामाला सरस. चाकांच्या पुढे लोखंडच नाही, त्यामुळे दगडाला आधी टायर भेटतो, आणि चढायचं काम टायरचंच आहे. पण फोटोतले बंपर पाहा: रुंद, खाली उतरलेले, बाजूंना पंख. मूळ पत्र्याचा बंपर यांच्यापेक्षा जास्त कोन देत होता, असंही पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट वजन, आणि इथे थोडं गणित करायलाच हवं. पोलादी पत्रा एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाड असेल तर ७.८५ किलो भरतो. जिप्सीचा बंपर उलगडून सपाट केला तर समजा दीड मीटर बाय अर्धा मीटर, म्हणजे पाऊण चौरस मीटर. तीन मिलिमीटरच्या पत्र्यात तो पावणेअठरा किलोंच्या आत बसतो. पाचमध्ये साडेएकोणतीस, सहामध्ये पस्तीसच्या वर. त्यावर ब्रॅकेट, हुकाच्या पट्ट्या, वरची पाइपची कमान, आणि रुतलेली गाडी ओढायचं विंच लावलं तर आणखी पस्तीस-चाळीस किलो. सत्तर किलो हां हां म्हणता होतात.

आता हे सत्तर किलो बसतात कुठे? पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे. समजा साठ सेंटीमीटर पुढे. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. तरफेच्या साध्या हिशेबानं पुढच्या अ‍ॅक्सलवर सत्तर नाही, जवळजवळ अठ्ठ्याऐंशी किलो वाढतात आणि मागच्यावरून अठरा किलो उचलले जातात. म्हणजे पुढचे पाटे बसले, मागची चाकं हलकी झाली, ओल्या घाटात ब्रेक मारला की गाडी नाक खुपसते. हजार किलोच्या गाडीला हे बारीकसारीक नाही. मग मालक पुढच्या पाट्यांत एक पान वाढवतो, गाडी आणखी कडक होते, आणि ज्या खडकाळ वाटेसाठी हा सगळा खटाटोप केला तिथे चाक जमिनीला धरत नाही.

तरीही बंपर जड का होतात? एक कारण बाजाराच्या रीतीत आहे. आपल्याकडे फॅब्रिकेशनचा हिशेब गेट-ग्रिलपासून किलोवर चालत आला आहे. इतके किलो लोखंड, इतकी मजुरी किलोमागे. बंपरही त्याच काट्यावर चढतो. त्यात कारागिराची लबाडी असतेच असं नाही, पण हलकं बनवायला डोकं जास्त लागतं आणि पैसे कमी मिळतात, मग कोण कशाला बनवील? कामाचे पैसे नगावर ठरवा, लोखंडाचे वेगळे द्या. माझ्या मते जुन्या गाडीच्या मालकानं घासाघीस करायची ती इथेच.

पत्रा की पाइप, हा वाद चहाबरोबर तासभर चालतो. मला त्यात फारसं काही दिसत नाही. तीन मिलिमीटरचा पत्रा योग्य जागी मोडला तर घडीमुळेच त्याला ताठपणा येतो. पाइप हलका पडतो, पण तो घेताना नीट बघून घ्यावा. दुकानात 'दीड इंची' मागितला की मिळतो तो पाण्याचा पाइप. त्याचं माप आतल्या पोकळीच्या नावानं चालतं, बाहेरून तो ४८ मिलिमीटर भरतो, आणि तो नळासाठी बनलेला असतो. वाकवताना शिवणीवर फाटला तर दोष पाइपचा नाही. पत्रा घेतानाही भंगारातला 'चांगला जाड' तुकडा घेण्यापेक्षा आयएस २०६२ चा साधा पत्रा घ्यावा. त्याची ताकद ठरलेली असते आणि वेल्डिंगला तो सरळ असतो.

खरा मुद्दा जोडणीचा, आणि तिथेच बहुतेकांचं लक्ष सर्वांत कमी असतं. ताम्हिणीच्या अलीकडे एका पावसाळ्यात मित्राची गाडी चिखलात रुतली होती. नवाकोरा, काळाभोर, सहा मिलिमीटरचा बंपर. त्याच्या हुकाला दोर लावून दुसऱ्या गाडीनं ओढलं. बंपर आला, गाडी तिथेच. वेल्डिंग कुठेही सुटलं नव्हतं, बोल्टही शाबूत होते. चॅसिसच्या टोकाचा पातळ पत्रा बोल्टाच्या भोकापासून कागदासारखा फाटला होता. दोर ओढणाऱ्यांच्या अंगावर आला नाही, ही नशिबाची गोष्ट.

आकडे बघितले की कोडं सुटतं. १२ मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा एक बोल्ट सरळ ओढून तोडायला साधारण पावणेसात टन लागतात, कातरून तोडायला चारेक टन. बाजूला चार-चार असे बोल्ट लावले तर बोल्ट हा कच्चा दुवा उरतच नाही. कच्चा असतो तो चाळीस वर्षांपूर्वीच्या हिशेबानं, हलक्या गाडीसाठी बनवलेला आणि मधल्या काळात आतून गंजलेला चॅसिसचा पत्रा. म्हणून काम बंपरपासून नाही, चॅसिसपासून सुरू करायचं. आधी टोकं तारेच्या ब्रशनं घासा, हातोडीनं ठोकून आवाज ऐका. भद्द वाजला तर बंपरचा विचार सोडून पहिल्यांदा चॅसिस दुरुस्त करा. मग चॅसिसच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या घ्या, निदान पाच-सहा मिलिमीटरच्या आणि फूटभर मागे जाणाऱ्या, म्हणजे ओढ एका भोकावर न येता लांबीवर पसरेल. चॅसिस पेटीसारखी बंद असेल तर बोल्टाच्या जागी आत पाइपचा तुकडा घालायचा. नाहीतर बोल्ट आवळताना पेटीच चेपते, आणि चेपलेल्या पेटीवरचा बोल्ट महिन्याभरात सैल. बंपर थेट चॅसिसला वेल्ड करणारे कारागीरही आहेत. ते करू देऊ नका. चॅसिसच्या आडवी मारलेली वेल्डिंगची रेघ म्हणजे उद्याच्या चिरेची जागा, शिवाय बंपर पुन्हा काढायची वाट बंद होते. ती वाट उघडी का हवी, ते पुढे येतंच.

हुकाचंही तसंच. दोर अडकवायच्या पाऊण इंची शॅकलवर ४.७५ टन असं कोरलेलं असतं, पण तो आकडा शॅकलचा, तुमच्या पट्टीचा नाही. पट्टी १८-२० मिलिमीटर जाड हवी. ती बंपरच्या तोंडावर चिकटवलेली नको, तर पत्र्यातून आरपार मागे जाऊन चॅसिसच्या पट्टीला मिळालेली हवी. मग ओढ बंपरमधून जातच नाही, थेट चॅसिसला जाते. बंपर नुसता झाकण उरतो, आणि मग तो तीन मिलिमीटरचा असला तरी पुरतो. माझ्या लेखी या साऱ्या विषयाचं सार एवढंच. ट्रॉली ओढायच्या गोळ्याला मात्र दोर कधी लावू नका. तो तुटून उडाला की तोफगोळाच होतो, आणि जगभर यात माणसं गेली आहेत.

विंचबद्दल थोडक्यात. ठोकताळा असा की गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ओढीचं विंच घ्यावं. जिप्सी माणसं-सामानासह दीड टनाच्या घरात, म्हणजे सव्वादोन ते अडीच टन, पाच-साडेपाच हजार पाउंडांचं पुरे. बाजारात मात्र साडेनऊ हजार पाउंडांचंच घेतात, कारण बंपरमध्ये ते भारदस्त दिसतं. ते पूर्ण ओढीला बारा व्होल्टवर चारशे अँपिअरच्या आसपास खेचतं. जिप्सीची बॅटरी आणि अल्टरनेटर तेवढ्यासाठी नाहीत. पोलादी दोराऐवजी सिंथेटिक दोर घेतला तर वजन बरंच उतरतं, तुटला तरी चाबकासारखा येत नाही. एक कप्पी जवळ ठेवली की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. आणि दोन गाड्या मिळूनच जात असाल तर विंच नसलेलंच बरं. दोर, दोन शॅकल आणि फावडं घ्या.

प्रत्यक्ष बनवण्याचं काम ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. आधी पुठ्ठा. वॉशिंग मशीनचं खोकं यासाठी उत्तम. गाडीच्या तोंडाशी धरून कापा, चिकटवा, बोनेट उघडून बघा, चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, दिवे आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना ते बघा. रेडिएटरसमोरची जागा मोकळी ठेवा. जुनं इंजिन घाटात तापतं, त्यात विंच आणि पत्रा हवेच्या वाटेत उभे केले की तापमानाचा काटा कुठे जातो ते कशेडी घाटात कळतं. पुठ्ठा मनासारखा झाला की त्यावरून लेझर कटिंग करून घ्या आणि प्रेसवर मोडून आणा. पुणे, नाशिक, कोल्हापूर, औद्योगिक वसाहत असलेल्या कुठल्याही गावी ही सोय आहे. ती नसेल तर जुनी रीत: घडीच्या रेघेवर ग्राइंडरनं अर्ध्या जाडीची खाच मारायची, पत्रा वाकवायचा आणि खाच वेल्डिंगनं भरून काढायची. वेळखाऊ, पण चांगल्या हाताखाली उठून दिसते.

गाडीवर धरून फक्त टॅक मारायचे. त्याआधी बॅटरीची वायर काढायची. नंतरच्या काळातल्या एमपीएफआय जिप्सीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, असतो, वेल्डिंगच्या करंटला तो बळी पडू शकतो. पूर्ण वेल्डिंग गाडीवरून उतरवूनच. एका टोकाकडून सलग मारत गेलात तर जॉब ओढतो: सकाळी नीट बसलेला बंपर संध्याकाळी बोटभर वाकडा होऊन भोकांवर बसत नाही. म्हणून मध्ये एक टाका, मग टोकाला, मग दुसऱ्या बाजूला. पाठीमागे जाड अँगल क्लॅम्पनं आवळून. गुण्या आणि लेव्हल बॉटल हाताशी हवीच, पण ती जमिनीला न लावता चॅसिसला लावा, कारण शेडची जमीन आणि जुन्या गाडीचे पाटे यांपैकी एकही समतल नसतो. जी.आय. पाइप वापरणार असाल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डर त्यावर गूळ सुचवतात. घासलेलं आणि मोकळ्या हवेत काम केलेलं बरं.

रंगाचं एक वाक्य: कोकणात गाडी असेल तर पावडर कोटिंगच्या मोहात पडू नका, दगडानं टवका उडाला की पाणी त्याच्याखाली शिरतं. साधा प्रायमर आणि दरवर्षी घरच्या घरी हात मारता येईल असा रंग जास्त टिकतो. खाली पाणी-चिखल निघायला भोकं ठेवा. मागच्या बंपरची कथा वेगळी नाही, फक्त तिथे स्टेपनी आणि इंधनाचा कॅन टांगायचा मोह अधिक.

आता ज्या भागाकडे शेडमध्ये कुणी बघत नाही तो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं आणि कारवाई करायला सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात बदलांबाबत हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'बुल बार नाही, नुसता बंपर आहे' हा युक्तिवाद नाक्यावर टिकेलच याची खात्री कुणी देऊ नये. अपघातानंतर विमा कंपनीसमोर तर त्याहून कमी.

कायदा कटकटीचा वाटतो, पण त्यामागचं कारण खरं आहे. ऑस्ट्रेलियात असे बंपर सर्रास दिसतात, हे आपल्याकडचे शौकीन हमखास सांगतात. तिथे रात्री मोकळ्या रस्त्यावर कांगारू आडवे येतात, आणि तिथेही या संरक्षक सांगाड्यांसाठी २००२ पासून स्वतंत्र मानक आहे. युरोपीय संघानं २००५ मध्ये पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी त्यांना नियम घातले. आपल्या रस्त्यावर गाडीपुढे कोण येतं? २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांत साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे, साडेएकोणीस टक्के पायी चालणारे. म्हणजे दहातले सहाहून जास्त लोक असे, ज्यांच्या आणि तुमच्या बंपरच्या मध्ये काहीच नसतं. पातळ पत्रा चेपतो तेव्हा धक्क्यातला थोडा भाग स्वतः घेतो. सहा मिलिमीटरचं लोखंड काही घेत नाही, ते सगळं समोरच्याला देतं आणि उरलेलं चॅसिसमार्फत तुमच्या मानेला. जिप्सीत एअरबॅग नाहीत, त्यामुळे त्यांचं गणित बिघडण्याचा प्रश्न नाही, असं काही जण अभिमानानं सांगतात. ज्या गाडीत एअरबॅग नाही तिच्या पुढचा भाग आणखी ताठ करणं हा कसला फायदा, ते मला अजून कळलेलं नाही.

मग या बंपरला जागाच नाही का? आहे. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा होत आली आहे, तिथल्या चिखलात मूळ बंपरची गाडी तासाभरात तोंड फोडून घेईल. खाजगी शेतातले, खाणीतले ट्रॅक आहेत. तिथे हे लोखंड आपल्या घरी असतं. आधी गरज, मग आकार, हा क्रम तिथे आपोआप पाळला जातो. शनिवारी मुलाला क्लासला सोडताना रस्त्यावर मात्र ते पाहुणं आहे, आणि नको असलेलं.

तेव्हा माझा कौल असा: तीन मिलिमीटर पत्रा, टोकं छाटलेली, वर कमान नाही, विंच नाही. दोन हुक, थेट चॅसिसला. सगळं बोल्टवर, म्हणजे अर्ध्या तासात उतरवता येईल असं. चकाकीला, पंखांना, दिव्यांच्या जाळ्यांना जे पैसे जाणार होते ते चॅसिसच्या दुरुस्तीत घाला. आणि मूळ बंपर भंगारात देऊ नका. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडीची तपासणी होते. तपासणीला गाडी न्यायच्या दिवशी, आणि खरं तर रस्त्यावरच्या प्रत्येक दिवशी, तोच पुढे हवा. तो पोटमाळ्यावर ठेवा, त्याचे नटबोल्ट एका पिशवीत घालून त्यालाच बांधून.